दोघांची जागा

सहलीच्या आदल्या दिवशी पप्पांचा फोन आला. "दशम्या करणार असशील तर दोघांच्या कर," ते म्हणाले. मी विचारलं, "बरोबर दुसरं कोण आहे?" तर म्हणाले, "कोणी नाही," आणि फोन ठेवून दिला.

आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. पप्पा बिबवेवाडीच्या घरात एकटे राहत होते आणि मी वारज्याला. त्यांनी माझ्याकडे यावं म्हणून मी सगळे उपाय करून पाहिले होते. रागावले, रडले, अबोला धरला. त्यांचं उत्तर एकच, "तुझ्या घरात मला काय काम आहे?" त्यांच्या स्वतःच्या घरात तरी काय काम होतं कुणास ठाऊक. सकाळी उठायचं, आईच्या आणि त्यांच्या अशा दोन कुंड्यांना पाणी घालायचं, पेपर वाचायचा, आणि महिन्यातून एकदा आईच्या मोबाईलचं रिचार्ज मारायचं. तो फोन टीव्हीशेजारी कायम चार्जिंगला लावलेला असे. "कोण करणार आहे त्याच्यावर फोन?" असं मी एकदा चिडून विचारलं होतं. "असू दे. तुला काय त्याचं भाडं पडतंय?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

त्या फोनवर आयुष्यभर एकच माणूस सारखा फोन करायचा, तो म्हणजे पप्पा. आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची. शाळा सुटली की ती परस्पर बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात शिरायची आणि तिथून तिचा पाय निघायचा नाही. पप्पा ऑफिसातून घरी येऊन चहा टाकायचे आणि फोन करायचे, "कुठवर आलीस?" आई दुकानातल्या शिडीवर उभी राहून बेधडक सांगायची, "पोचलेच." एकदा मी तिच्या शेजारीच उभी होते. म्हणाले, "आई, अगं निदान स्वारगेट तरी म्हण." ती म्हणाली, "त्यांना माहीत असतं. त्यांना फक्त ऐकायचं असतं."

तर ही सहल मुंबईची होती. बिबवेवाडीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाने काढली होती, एका दिवसात मुंबई दर्शन. पहाटे निघायचं आणि रात्री परत. संघाचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी सूचनांचा कागद काढला होता, तो पप्पांनी फ्रिजवर चिकटवला होता. 'बस कोणासाठीही थांबणार नाही. ज्यांना उलटी होते त्यांनी खिडकी आधीच मागून घ्यावी, नंतर दया मागू नये. प्रवासात भ्रमणध्वनी मूक ठेवावा. आपली नातवंडे काय म्हणतात हे इतरांना ऐकायचे नसते.' वाचून मी हसले होते. त्यातल्या शेवटच्या सूचनेने पुढे माझा जीव काढला.

पप्पांनी मुंबईला जावं यात नवल काहीच नव्हतं. दरवर्षी सहा डिसेंबरला आम्ही जातच होतो. मी लहान असल्यापासून, आई-पप्पांचे हात धरून. दादर स्टेशनला उतरायचं, माणसांच्या ओघात चालत चैत्यभूमीकडे जायचं, रांगेत तासन् तास उभं राहायचं, दर्शन घ्यायचं, पुस्तकांच्या स्टॉलवर आईला आवरायचं आणि आल्या वाटेने परत. मागे समुद्र असायचा. आई पांढऱ्या साडीचा काठ धरून पाण्यात घोट्याएवढी उभी राहायची आणि पप्पा वाळूतून ओरडायचे, "पुढं जाऊ नकोस!" एवढीच आमची मुंबई. कोणी विचारलं की राणीची बाग पाहिलीत का, गेटवे पाहिलात का, तर आम्ही तिघंही विषय बदलायचो. इतकी वर्षं मुंबईला जाणारी माणसं आम्ही, पण मुंबई पाहिलेली नाही हे सांगायची लाज वाटायची. आई दरवर्षी परतीच्या गाडीत म्हणायची, "एकदा गर्दी नसताना येऊ. नीट बघू सगळं." ते एकदा काही आलं नाही.

पप्पांनी महिनाभर आधीपासून मुंबईचा अभ्यास लावला होता. वाचनालयातून पुस्तकं आणायचे आणि संध्याकाळी मला फोनवर शिकवायचे. सात बेटं होती, त्यांची नावं मला म्हणून दाखवली. आधी कोळ्यांची वस्ती होती, मग पोर्तुगीज आले, त्यांनी बेटं लग्नात इंग्रजांना देऊन टाकली, मग समुद्र बुजवत बुजवत एक शहर झालं. "माहीम हे वेगळं बेट होतं, कळलं का?" ते म्हणाले. "म्हणजे आपण इतकी वर्षं बेटावर रांगेत उभे होतो. आणि तुझी आई पाण्यात शिरायची, तिथं पूर्वी काय असेल कोण जाणे." सहलीत कान्हेरीची लेणी नाहीत म्हणून ते सचिवांशी भांडलेही होते. एवढी मोठी बौद्ध लेणी शहराच्या पोटात आहेत आणि तुम्ही बागेतला म्हातारीचा बूट दाखवता, असं त्यांचं म्हणणं. सचिव म्हणाले होते, "वेळेत बसत नाही. बुद्धांनाही वेळेचं महत्त्व पटलं असतं." घारापुरीची बोट मात्र होती. तिथेही डोंगरावर जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत, कोणी दाखवत नाही, असं पप्पांनी वाचून काढलं होतं.

मला बरं वाटत होतं. किती महिन्यांनी माणूस कशाबद्दल तरी बोलत होता. पण आदल्या संध्याकाळी मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बटाट्याची सुकी भाजी असा दोघांचा डबा घेऊन गेले, तेव्हा पप्पा पिशवी भरता भरता सहज म्हणाले, "एकदा मुंबई बघून झाली की माझं काम संपलं." मी म्हणाले, "म्हणजे काय?" ते म्हणाले, "म्हणजे काम संपलं."

त्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे. घारापुरीला पायऱ्याच पायऱ्या. मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की बोटीत चढायचं नाही, न चढणाऱ्यांच्या गटाबरोबर म्युझियममध्ये बसायचं. मग त्यांच्या फोनमध्ये ते कुठे आहेत ते माझ्या नकाशावर दिसेल अशी सोय केली. "मी काय चोर आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "चोर असतात तर पोलिसांनी काळजी घेतली असती." ते हसले. ते हसणंही मला खरं वाटलं नाही. काळजी करणं हा माझा स्वभाव आहे असं घरात सगळे म्हणतात. मला तर तो धंदाच वाटतो, फक्त पगार मिळत नाही.

शनिवार होता, मला सुट्टी होती. सकाळी उठल्यापासून मी फोन घेऊन खिडकीत बसले. नकाशावर निळा ठिपका. ठिपका घाट उतरला, खाडीचा पूल ओलांडून मुंबईत शिरला, चेंबूरला बराच वेळ अडकला, मग हळूहळू खाली दक्षिणेकडे. बोरीबंदर, मग फोर्ट, मग अपोलो बंदर. मला गंमत वाटायला लागली होती. पप्पा आता ती मोठी कमान बघत असतील, कबुतरांकडे कपाळाला आठ्या घालून पाहत असतील, आणि शेजारच्याला सात बेटं म्हणून दाखवत असतील. मी चहा केला. चहा घेऊन परत आले तर ठिपका जमिनीवर नव्हता. तो समुद्रात होता.

पहिल्यांदा मला संताप आला. माझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं या माणसाने! मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मग आठवलं, भ्रमणध्वनी मूक ठेवावा. ठिपका हळूहळू पाण्यात आत सरकत होता.

मी सचिवांना फोन केला. ते म्युझियममध्ये होते. "तुमचे वडील बोटीत आहेत," ते म्हणाले. "त्यांनी ऐकलं नाही. मी सचिव आहे, त्यांचा सासरा नव्हे."

"त्यांना पायऱ्या चालत नाहीत हो."

"मग पायथ्याशी बसतील. बोटीतल्या सगळ्यांना मोजून बसवलंय. आपण निश्चिंत असा, मॅडम."

निश्चिंत हा शब्द मला कधी झेपलेला नाही. मी पुन्हा खिडकीत बसले. थोड्या वेळाने ठिपका पाण्याच्या मधोमध थांबला आणि थांबूनच राहिला. नेटवर्क गेलं असणार, एवढी अक्कल मला आहे. तरी मी बोटाने नकाशा मोठा केला, लहान केला. चारी बाजूंनी निळं, आणि मध्ये तो. माझं काम संपलं, असं ते म्हणाले होते. बोटीचा कठडा केवढा असतो, हे मला माहीत नव्हतं. जे मनात येत होतं ते मी मोठ्याने म्हणूनसुद्धा पाहिलं नाही, म्हटलं तर खरं होईल अशी भीती वाटली.

मग सचिवांचाच फोन आला. "ताई," ते म्हणाले. तोवर मी मॅडम होते. टोमणा मारणारा माणूस एकदम ताई म्हणायला लागला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

"बोट घारापुरीला लागली," ते म्हणाले. "उतरताना कळलं. वडील बोटीत नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"त्यांची पिशवी बाकावर आहे. दोन माणसांची जागा धरून ठेवली होती. धरणाऱ्याला वाटलं, ते मागे कुठेतरी बसलेत. पिशवी पाहून आमच्या माणसाने मोजणीत त्यांना धरलं. फोनही पिशवीतच आहे. पण त्यांना बोटीत बसलेलं नक्की कोणी पाहिलेलं नाही. म्हणजे ते चढलेच नसतील, असं... मी आता धक्क्यावर जातोय. पोलीस चौकीत सांगतो. तुम्ही घाबरू नका."

ते काय बोलत होते ते मला समजत होतं, कारण जागा धरायची ही पद्धत आमच्याच घरातली. एसटी स्टँडवर गाडी लागायच्या आत आई खिडकीतून पिशवी आत टाकायची आणि आतल्या अनोळखी माणसाला सांगायची, "दोघांची जागा धरा हो." मग पप्पा गर्दीतून शांतपणे चढायचे. सगळा जन्म असा गेला. पण यावेळी पिशवी चढली होती आणि माणूस नव्हता. चढलाच नव्हता, की चढून मग कुठे गेला, हे सांगणारं कोणी नव्हतं.

मला घरात बसवेना. मुंबईला निघायचंच होतं, पण स्कूटर काढली ती बिबवेवाडीला. का, ते सांगते. त्या घरात त्यांनी काहीतरी लिहून ठेवलेलं असेल, असं मला वाटलं. कात्रजच्या बायपासवरून मी कशी गेले, मला आठवत नाही. एका रिक्षावाल्याने मला शिवी दिली आणि मी त्याला चक्क "बरोबर आहे" म्हणाले, एवढंच आठवतं.

दार उघडलं. घर लख्ख आवरलेलं. पांघरुणांच्या घड्या, ओटा पुसलेला. ती टापटीपच मला खटकली. मी उशीखाली पाहिलं, फ्रिजवर पाहिलं, आईच्या फोटोमागे पाहिलं. काही नव्हतं. गोळ्यांच्या डबीतला सकाळचा कप्पा रिकामा होता, म्हणजे गोळ्या घेतल्या होत्या. मागच्या गॅलरीत दोरीवर त्यांचा एक सदरा आणि बनियन वाळत होतं. पहाटे निघायच्या आधी धुतलेलं.

मग स्वयंपाकघरात एक पातेलं झाकलेलं दिसलं. झाकण काढलं. मटकी. पाण्यात भिजत घातलेली, टपोरी फुगलेली. शेजारी ती बांधून ठेवायचं फडकं घडी करून ठेवलेलं. रात्री घरी आल्यावर उपसून बांधायची, मोड येऊ द्यायचे आणि मग उसळ. आईची पद्धत.

मी तिथेच फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले. जीव द्यायला निघालेला माणूस मटकी भिजत घालत नाही. घालेल का? मी स्वतःशीच वाद घालत होते. नाही घालणार. पण तरी त्याला चक्कर येऊ शकते, पाय घसरू शकतो, त्या बंदरावरच्या गर्दीत छातीत दुखू शकतं. पिशवी नाही, फोन नाही, अनोळखी शहर. पाऊण तास झाला होता आणि सचिवांचा फोन नव्हता.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. माझा नव्हे; माझा माझ्या हातात होता. टीव्हीशेजारचा.

वर्षभरात तो आवाज मी ऐकला नव्हता. मी उठून गेले. पडद्यावर अनोळखी नंबर. मी तो कानाला लावला आणि मला हॅलोसुद्धा म्हणता येईना.

"अगं ऐक," पप्पा म्हणाले. "आज इथं गर्दीच नाही."

मागे समुद्राचा आवाज येत होता. मग त्यांनी खाकरून विचारलं, "कोण आहे?"

"मी आहे, पप्पा."

"तू होय. मला वाटलं, कोणी उचलणार नाही."

"मग लावला कशाला?" मी ओरडले. इतका वेळ पोटात दाबून ठेवलेलं सगळं त्या एका वाक्यात बाहेर आलं. "कुठे आहात तुम्ही? पोलीस शोधताहेत तुम्हाला! तुम्ही समुद्रात पडलात असं वाटलं मला!"

"समुद्रात कशाला पडेन? कपडे ओले झाले असते," ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात म्हणाले, "दादरला आलोय. वाळूत बसलोय. शेजारी एक बाई बसल्यात, त्यांचा फोन मागून घेतला. हाच नंबर पाठ आहे मला. दुसरा कुठला येतो?"

मी विचारलं नाही, तरी त्यांनीच सांगितलं. बोटीपाशी धक्काबुक्की होती. संघातला एकजण आधीच चढलेला दिसला. पप्पांनी त्याच्याकडे पिशवी दिली आणि सांगितलं, दोघांची जागा धर. त्याने विचारलं, दुसरं कोण येतंय?

"मला सांगता येईना गं," पप्पा म्हणाले. "मागचे लोक ढकलायला लागले. मी त्यांना वाट दिली. देता देता मागंच राहिलो. बोट सुटली. बस कुठं लावलीय ते ठाऊक नव्हतं. मुंबईत मला एकच रस्ता येतो. टॅक्सीवाल्याला म्हटलं, दादर. आत गेलो तर रांग नाही, काही नाही. दोन मिनिटांत दर्शन झालं. एवढ्या लवकर झाल्यावर पुढं काय करायचं, तेच कळेना."

"छातीत दुखतंय का? खरं सांगा."

"भूक लागलीय. डबा बोटीत गेला."

मी म्हणाले, तिथून हलू नका, मी येतेय. ते म्हणाले, ये. वर म्हणाले, मटकी तेवढी उपसून बांध, नाहीतर आंबेल. मी म्हणाले, माझा नंबर लिहून घ्या. "कशावर लिहू? वाळूवर?" ते म्हणाले. "तू हाच फोन बरोबर घेऊन ये. या बाई आहेत अजून तासभर. नंतर दुसऱ्या कुणाचा मागेन. लावायचा कुठं, ते तरी मला माहीत असू दे."

मी सचिवांना कळवलं. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि लगेच मूळ पदावर आले. "वडिलांना सांगा, पुढच्या सहलीत त्यांना पिशवीच्या आधी चढवण्यात येईल." मी मटकी बांधली. ओट्यावरच घाईघाईने चार पोळ्या लाटल्या, गूळ-तूप घेतलं. आईच्या फोनची वायर काढली. वर्षभर भिंतीला बांधलेला तो फोन पर्समध्ये टाकताना मला उगीचच अपराधी वाटलं, आणि दार लावून मी स्वारगेट गाठलं.

दादरच्या गाडीत खिडकी मिळाली. माझ्या फोनवर ठिपका पुन्हा दिसायला लागला होता. पिशवी घारापुरीहून परत किनाऱ्याकडे येत होती. आईचा फोन मी मांडीवर धरून बसले. काळजी गेली नव्हती. ऊन चढलं होतं, त्यांच्या डोक्यावर टोपी होती की नाही ते मी विचारलं नव्हतं, आणि दुपारच्या गोळीची वेळ टळत होती. पाण्याकडे ते गेले तर 'पुढं जाऊ नका' म्हणून ओरडायला तिथे कोणी नव्हतं.

गाडी देहूरोडलाच रखडली होती, तेव्हा मांडीवरचा फोन वाजला. या वेळी नंबर वेगळा होता.

"कुठवर आलीस?" पप्पांनी विचारलं.

बाहेर ट्रकमागे ट्रक उभे होते. घाट अजून पुढेच होता.

"पोचलेच," मी म्हणाले.